दुपारची खेप

डिचोलीत ट्रकवाल्यांच्या संघटनेची एक पत्र्याची शेड होती. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर भलीमोठी लाकडी फळी दिसायची. फळीवर खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्यांवर पत्र्याच्या चकत्या, एकेका चकतीवर एकेका ट्रकाचा नंबर. खाणीवर खनिज भरायचं, नदीकाठच्या जेटीवर नेऊन बार्जमध्ये, म्हणजे मालाच्या सपाट बोटीत, ओतायचं, रिकामं परत यायचं, ही झाली एक खेप. कुठला ट्रक कुठल्या वेळी सुटणार हे त्या फळीवर ठरायचं, आणि फळी गोकुळदासाच्या हातात होती.

सोपं वाटतं ना? मग एकदा करून बघा. भरती आहे तोवर बार्ज भरली पाहिजे, ओहोटीला ती चिखलात बसली की दिवस फुकट. शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर ट्रक दिसता कामा नये, नाहीतर बायका रस्त्यात येऊन बसतात, आणि बरोबरच करतात. वाटेतल्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, एका वेळी एकच भरलेली गाडी. सगळ्या मालकांना सारख्या खेपा, एक कमी पडली तर मालक सकाळी सकाळी शेडवर भांडायला हजर. कोणा ड्रायव्हरची सासू आजारी, कोणाचा सोमवार, कोणाचं कोणाशी वाकडं म्हणून दोघे एकाच वेळी जेटीवर नकोत. सगळ्यांच्या सगळ्या अटी पाळायच्या म्हटल्या तर एकसुद्धा चाक हललं नसतं. एका चटईवर अख्खं वऱ्हाड झोपवायचं, असला तो प्रकार.

पण गोकुळदास बसवायचा. त्याचं वाक्यच होतं ते. "बसता रे, बसता. जरा धीर धर." तोंडात पान, कानावर पेन्सिल, हातात चकत्या खुळखुळवत तो फळीसमोर उभा राहायचा आणि बघता बघता सगळ्या चकत्या खिळ्यांवर जायच्या. माणसं म्हणायची, गोकुळदासाच्या डोक्यात देवीचा वास आहे. तोही मान डोलवायचा. स्तुती कोणाला कडू लागते?

आता देवीबिवी काही नव्हती. गणित अडलं की तो चकत्यांकडे बघायचा, पण त्याला नंबर दिसत नसत, माणसं दिसत. हा बोंब मारील. हा अंगावर येईल. ह्याचा मेव्हणा पंच आहे. आणि हा? हा काही बोलायचा नाही. मग त्या न बोलणाऱ्याची अट हळूच बाजूला व्हायची आणि बाकी सगळं छान बसायचं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही, म्हणतात ना, तेच. ह्यात आपण काही वाईट करतो असं त्याला कधी वाटलं नाही. कोणाची तरी अट मोडायची होतीच. ज्याची मोडल्यावर आवाज होत नाही त्याची मोडावी, हा त्याला शहाणपणा वाटायचा.

जयराम असा न बोलणारा होता. दोडामार्गाकडचा पोरगेला माणूस, सदाशिवाच्या ट्रकावर ड्रायव्हर. लग्न नुकतंच झालेलं, बायको जानकी गावी. दिलेली खेप घ्यायची, पाणी प्यायचं, झाडाखाली बसायचं. सगळ्या हंगामात त्याने गोकुळदासाकडे एकच गोष्ट मागितली होती.

"काका, माका दुपारची खेप नको. बाकी खयचीय द्या."

"कित्याक रे? दुपारचा ऊन लागता तुका?"

जयराम मान खाली घालून म्हणाला, "सातविणीच्या मोरीर माझ्या नावान हाक येता. बघलंय तर कोण नाय."

शेडमध्ये जे हसू फुटलं! गोकुळदास तर पान थुंकून आला आणि म्हणाला, "देवचाराक तुझा नाव खयसून कळला रे? मतदारयादी आसा काय तेच्याकडे?"

हसले सगळे, पण हसणाऱ्यांतला एकही जण दुपारी त्या मोरीवरून मुकाट्याने जात नसे. सर्वण गावच्या रस्त्यावरची ती मोरी, बाजूला सातविणीचं झाड, झाडाखाली राखणदाराची, म्हणजे त्या देवचाराची, जागा. ड्रायव्हर तिथे गाडी थांबवून विडी ठेवायचे, हात जोडायचे, मग पुढे. आणि तिथे भर दुपारी मागून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, मान वळवायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारील. तो दुसरा असेल तर दोनदाच मारतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भीत सगळेच होते, फक्त जयरामाने ते उघडपणे सांगितलं, एवढाच काय तो फरक.

गोकुळदासाने त्याला "बघतंय" म्हटलं, आणि शक्य झालं तेव्हा त्याची दुपार टाळलीही. पण अडलं की जयरामाचीच चकती दुपारच्या खिळ्यावर जायची. तो यायचा, फळीकडे बघायचा आणि किल्ली घेऊन निघायचा. एकदाही भांडला नाही. भांडला असता तर!

मग खंडेनवमीचा तो दिवस आला. त्या दिवशी खरं म्हणजे गाड्या धुऊन, हार घालून पूजेला उभ्या करायच्या. पण मुरगावला बोट थांबलेली, बार्ज जेटीवर लागलेली, आणि भरती नेमकी दुपारी. मालकांनी कुरकुर करत मान्य केलं, काम होऊ दे, पूजा सांजेला करू. गोकुळदास फळीसमोर उभा राहिला. शाळा, भरती, मोरी, सारख्या खेपा. त्याचा स्वतःचाही ट्रक त्या वर्षी नवा आलेला, त्याच्यावर पांडुरंग नावाचा एक तोंडाळ ड्रायव्हर. तो सकाळची खेप करून दुपारी घरी अंगणात पूजेला उभा राहायचा होता. पेडण्याहून बायकोच्या, म्हणजे चंद्रावतीच्या, माहेरची माणसं आलेली, त्यांच्यासमोर दुपारी पूजा व्हायची होती. शेवटी सगळं बसलं, एक दुपारची खेप तेवढी उरली. आणि जयरामाची चकती दुपारच्या खिळ्यावर गेली.

जयराम आला, फळीकडे बघितलं. त्या दिवशी मात्र तो जरा रेंगाळला. "काका, आज तरी..." एवढंच म्हणाला.

"बसणा नाय रे दुसऱ्या खंय. एक दिवस काढ." गोकुळदासाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ घामाने भिजलेली होती.

दुपारी सर्वणची सरस्वती धापा टाकत शेडवर आली. शेतातून घरी जाताना तिने बघितलं होतं, मोरीची एक बाजू खचली होती, खाली भगदाड पडलं होतं. पावसाने आतून पोखरली असावी. गोकुळदासाने तोंडातलं पान तिथेच टाकलं आणि स्कूटर काढली. सगळ्या वाटेवर तो देवाचं नाव घेत होता.

उतारावर पोचला आणि त्याला जयरामाचा ट्रक दिसला. मोरीच्या अलीकडे उभा, इंजिन बंद. जयराम झाडाखाली विडी ठेवून हात जोडत होता. अजून वेळ होता, अगदी पुरता वेळ होता. जयराम वर चढून बसला. गोकुळदास स्कूटर टाकून धावत सुटला आणि सगळा जीव घशात आणून ओरडला, "जयराम!"

जयरामाने ऐकलं. ह्याबद्दल गोकुळदासाला कधीही शंका आली नाही. कारण त्याने बघितलं, जयरामाचे खांदे एकदम आखडले. मान मात्र वळली नाही. किल्ली फिरली, इंजिन गुरगुरलं.

"जयरामा!"

ट्रक जोरात पुढे झाला. हाकेपासून सुटायला माणूस जसा पळेल तसा. आपण "थांब" का नाही म्हटलं, "मोरी खचली" का नाही म्हटलं? पण घाईत माणूस आधी नाव घेतो, काम मागून सांगतो. तिसरी हाक गोकुळदासाच्या तोंडातच होती तेव्हा मोरी बसली आणि ट्रक मालासकट खाली गेला. आवाज फार मोठा झाला नाही. धूळ मात्र कितीतरी वेळ खाली बसत नव्हती.

जानकीला तिचा दीर घेऊन आला. ती रडत नव्हती. शेडच्या दाराशी उभी राहून तिने गोकुळदासाला विचारलं, "दुपारची खेप तेंका कित्याक दिल्यात? तेंनी तुमका सांगलेला मां?"

गोकुळदासाच्या आधी सदाशिवच बोलला. "दुसरो इलाज नव्हतो गो बाय. भरती दुपारची, काय करतलो तो?" बाकीच्यांनीही माना हलवल्या. इलाज नव्हता. खरंच इलाज नव्हता. जानकी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग दिराच्या मागून निघून गेली.

त्या दिवसापासून गोकुळदास त्या एका वाक्यावर जगला. दुसरा इलाज नव्हता. सकाळी उठताना, आंघोळीला तांब्या डोक्यावर घेताना, देवासमोर हात जोडताना तेच. कारण ते वाक्य जरा बाजूला झालं की मागे जयरामाचे आखडलेले खांदे उभे असत. भुताला लोक भितात, कारण ते तोंड दाखवतं. ह्याला तोंडच दिसायचं नाही, नुसती पाठ. ती वळली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं. पण मेल्यावरही जयराम काही बोलत नव्हता.

फळीवरचं काम त्याने सोडलं नाही, पण हात पहिला राहिला नाही. सगळ्या चकत्या लावून झाल्या तरी मुठीत एक उरली आहे असं वाटायचं. मूठ उघडून बघावी तर रिकामी. कोणाला नावाने हाक मारणं त्याने बंद केलं. बाजारात ओळखीचा पुढे चालला असेल तर हा धावत जाऊन त्याच्या दंडाला हात लावायचा. घरात चंद्रावती हवी असली तर आधी तिला शोधत फिरायचा. आणि भर दुपारी, ताटावर बसला की, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, लांबून, उतारावरून. जयराम. मग तो तसाच ताटावरून उठायचा. चंद्रावतीने बिचारीने काय काय केलं! देवीला कौल लावला, नारळ ओवाळून टाकला, राखणदाराला कोंबडा दिला. दुपारचं ताट तेवढं अर्ध्यावर उठतच राहिलं.

बरीच वर्षं गेली. मोरी नवी झाली, खनिजाला जपानच्या जोडीला चीनची मागणी आली आणि ट्रक एवढे वाढले की फळीवर खिळे ठोकायला जागा उरेना. तेव्हा संघटनेने कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यावर बसायला गोकुळदासाची भाची विनोदिनी आली, पेडण्याला दिलेल्या बहिणीची मुलगी, ह्याच विषयात शिकलेली. मोठी हसरी पोर. मामाच्या घरी राहायची, मामाला जेवताना त्रास द्यायची, आणि शेडमधल्या सगळ्या टग्यांना पहिल्याच आठवड्यात तिने सरळ केलं. जयरामाची गोष्ट तिच्यासमोर कोणी काढली नव्हती. घरात तर ते नावच निघत नसे.

तिने मामाला समजावून सांगितलं. सगळ्या अटी ह्याच्यात घालायच्या. काही अटी ताठ, म्हणजे मोडायच्याच नाहीत, जशी भरती, जशी शाळा. बाकीच्या वाकू शकतात. बसत असेल तर मशीन बसवून देतं. बसत नसेल तर स्पष्ट सांगतं, बसत नाही. "आणि मग मामा, कमीत कमी काय सैल केलं की बसेल, तेही शोधून काढतं. पण आधी मला परीक्षेला एक कठीण दिवस हवा. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण. असा आहे एखादा?"

असा दिवस गोकुळदासाला शोधायला कशाला लागतो? त्याच्या मनात एकदम आलं, ह्या यंत्राला कोणाची भीड नाही. सदाशिवाने मान हलवली म्हणून ते मान हलवणार नाही. ते म्हणालं की दुसरा इलाज नव्हता, तर खरंच नव्हता. मग कदाचित ती पाठ जाईल. त्याला दुसरं काही नको होतं. माफी नको, काही नको. एवढंच कोणीतरी खरं सांगावं.

"लिहून घे," तो म्हणाला, आणि डोळे मिटून त्याने तो दिवस सांगितला. एकेक ट्रक, एकेक ड्रायव्हर, कोण कधी मोकळा, कोणाला काय नको. भरती. शाळा. मालकांच्या सारख्या खेपा. ह्या नंबरवाल्याला सकाळची नको. जयरामाला दुपारची नको. ह्या नंबरचा ट्रक दुपारी सुटीवर. विनोदिनी टकटक करत घालत गेली. तो बोलायचा थांबला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

कॉम्प्युटर थोडा वेळ घरघरला. विनोदिनीने मान हलवली. "नाही मामा. बसत नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! सगळ्या अटी पाळून हा दिवस बसूच शकत नाही. तुम्ही कसा बसवलात देव जाणे."

गोकुळदास खुर्चीवर बसला आणि तोंडावर पंचा धरून रडला. विनोदिनी घाबरली, पाणी आणायला धावली. पण ते रडणं हलकं होतं. तिच्या हातातलं पाणी पिऊन तो चक्क हसला. घरी गेला, ताटावर बसला आणि माशाचं हुमण दुसऱ्यांदा मागून घेतलं. चंद्रावतीच्या हातात पळी तशीच राहिली. "माझ्या हातात नव्हता गो ता," तो तिला म्हणाला. "मशीनान सांगला." तिला काही कळलं नाही, पण नवरा दुपारी पोटभर जेवला ह्या आनंदात तिने डोळ्यांना पदर लावला. त्या दुपारी उतारावरून कोणी हाक मारली नाही. गोकुळदास झोपाळ्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो शेडवर आला तो शीळ घालत. विनोदिनी त्याची वाटच बघत होती.

"मामा, या या. काल अर्धंच झालेलं. आता बघा गंमत. मी त्याला विचारलं, भरती सोडून, शाळा सोडून, बाकीच्यांतलं कमीत कमी काय सैल केलं तर बसेल? मला वाटलं चार-पाच अटी मोडाव्या लागतील. पण एकच पुरे! दोन वाटा आहेत. एक, ह्या जयरामाला दुपारची खेप द्यायची."

गोकुळदासाने खुर्ची पुढे ओढली. "आणि दुसरी?"

"दुसरी ही." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या ट्रकाची दुपारची सुटी काढायची. ती काढली की सगळं जिथल्या तिथे राहतं. जयरामाचीसुद्धा दुपार सुटते. हे बघा, त्याला सकाळची खेप मिळते, दुपारी बिचारा मोकळा."

गोकुळदासाने बघितलं. हिरव्या अक्षरांत तो दिवस पडद्यावर मांडलेला होता, एकही चकती न उरता. सकाळच्या घरात जयराम. दुपारच्या घरात पांडुरंग. अर्ध्या हाकेला ओ देणारा, देवचारालाही उलट शिवी घालणारा पांडुरंग. गोकुळदासाने "पांडु" म्हणायच्या आत त्याने खिडकीतून डोकं काढून "काय रेss?" केलं असतं.

"हा ट्रक कोणाचा होता मामा?"

"माझो."

"तुमचा? आणि दुपारी सुटी कशाला?"

"खंडेनवमी होती. तुझी मामी माळ करून बसलेली, झेंडूची. पेडण्याहून माणसां आयलेली." बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता. "दुपारी पूजा करूया म्हटला."

विनोदिनी खळखळून हसली. "एवढंच? मग ही काय अट झाली, मामा? माळ सांजेला घातली असती!"

गोकुळदासाने पडद्यावरच्या आपल्या ट्रकाच्या नंबरावर बोट ठेवलं.

"होय गो बाय," तो म्हणाला. "सांजेक घातली असती."